बीपी मोजता, शुगर मोजता, मग फुंकर का नाही मोजत?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या तालुक्यातल्या आरोग्य शिबिराचा फोटो आला होता. चांगला चार कॉलमी, मधोमध पुढारी, बाजूला डॉक्टर लोक आणि मागं नऊवारीतल्या बायकांची लाईन. बातमीत होतं की बीपी, शुगर, डोळे, वजन सगळं फुकट तपासलं. चांगलं झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या दिवशी औषधं वाटायला मीपण तिथंच होतो, आणि फोटोत जे आलं नाही ते सांगायला हे पत्र लिहितोय. शिबीर झेडपीच्या शाळेत होतं, शाळेला पायऱ्या मोजून चार. लाईनीतल्या बऱ्याच आयाबाया त्या चार पायऱ्या चढून झाल्या की कठड्याला धरून उभ्या राहत होत्या, पदर तोंडाला, खांदे वर-खाली, आणि दोन-तीन मिनिटांनी मग आत. आत गेल्यावर त्यांचं बीपी मोजलं, बोटाला सुई टोचली, चष्म्याचा नंबर काढला. श्वासाचं कुणी विचारलंच नाही. एक आजी आपणहून म्हणाली की बाबा दम लई लागतो, तर टेबलावरचा पोरगा म्हणाला, आजी वय झालं आता.

मी त्या पोराला दोष देत नाही कारण हेच वाक्य मी माझ्या आईला सात-आठ वर्षं ऐकवलंय. आणि मी काही अडाणी नाही, माझं स्वतःचं मेडिकल आहे, जालना जिल्ह्यात, बावीस वर्षं झाली काउंटरवर उभा आहे. दम्याची औषधं रोज हातातून जातात. तरी घरातलं दिसलं नाही.

आईचं सांगतो. लग्न होऊन आली तेव्हापासून चूल. सकाळी दोन-अडीच तास, संध्याकाळी तेवढेच, आणि आंघोळीच्या पाण्याचं वेगळं. सरपण म्हणजे कापसाची पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, शेणाच्या गवऱ्या, आणि पावसाळ्यात हे सगळं ओलं. ओली गवरी पेटत नाही, नुसती धुमसते, मग आई फुंकणी घ्यायची. लोखंडी नळी होती, हातभर लांब, तिचं एक तोंड घासून घासून गुळगुळीत झालेलं. फुंकर मारली की राख उडायची, जाळ धरायचा, आई डोळे पुसायची, परत धूर झाला की परत फुंकर. फुंकर मारायला आधी श्वास भरून घ्यावा लागतो, आणि तो चुलीपासून हातभर अंतरावरच घ्यावा लागतो, म्हणजे धूर सगळा आत. आम्ही भावंडं तिथंच पाटावर बसून गरम भाकरी खायचो. भिंत वरपासून काळी, आढं काळं, दिवाळीला चुन्याचा हात मारायचा, संक्रांतीपर्यंत परत काळं. भिंत काळी झालेली दिसत होती सगळ्यांना. आतलं कोणाला दिसणार.

सकाळचा खोकला तर आमच्या घरात घड्याळासारखा होता. नंतर आईनं हळूहळू एकेक गोष्ट सोडली, आणि ती कशी सोडली बघा म्हणजे हा आजार कसा चोरपावलानं येतो ते कळेल. आधी डोंगरावरच्या देवीला जाणं बंद, म्हणाली गुडघे दुखतात. मग बाजारातून पिशवी आणणं बंद. मग हळदीकुंकवाला जाताना मधे थांबून कोणाशीतरी बोलायची, आम्हाला वाटायचं बोलकी बाई आहे, ती खरं तर दम खात होती. मग उशीखाली दुसरी उशी आली, मग तिसरी. दम लागतो असं माणूस म्हणत नाही हो, तो दम लागेल असं काही करायचंच सोडून देतो, आणि मग घरातले म्हणतात बघा काही त्रास नाही, निवांत बसून असते.

असं का होतं ते समजायला फुप्फुस चालतं कसं हे थोडं बघावं लागेल. मी डॉक्टर नाही, पण काउंटरवर रोज सांगून सांगून पाठ झालंय, त्याच भाषेत सांगतो.

फुप्फुसाला स्वतःचं हलायला काहीच नसतं. ते स्पंजासारखं, हवेनं भरलेलं, पाण्यात टाकलं तर तरंगतं. त्याला हलवतो तो छाती आणि पोटाच्या मधला स्नायूचा पडदा, पुस्तकात त्याला श्वासपटल म्हणतात. पडदा खाली ओढला गेला की छातीत जागा होते आणि हवा आपोआप आत येते. पडदा सैल सोडला की फुप्फुस स्वतःच्या ताणानं आक्रसतं, फुगा सोडल्यावर होतो तसं, आणि हवा बाहेर. म्हणजे बसल्या जागी श्वास घ्यायला कष्ट पडतात, सोडायला पडत नाहीत, तो फुकट सुटतो. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. एका वेळी साधारण अर्धा लिटर हवा, मिनिटाला पंधरा वेळा धरलं तर दिवसाचे श्वास होतात 21,600. कीर्तनात बुवा जो आकडा सांगतात ना, दिवसाचे एकवीस हजार सहाशे श्वास आणि प्रत्येक श्वासाला नाम, तोच हा आकडा, मी कॅल्क्युलेटरवर केला तेव्हा अंगावर काटा आला. हवा किती होते तर दहा हजार लिटरच्या वर. टँकर एक हवा रोज माणूस आत-बाहेर करतो.

ती हवा श्वासनळीतून जाते, नळीला दोन फाटे, त्याला परत दोन, असं वीस-तेवीस वेळा फाटे फुटत फुटत शेवटी बारीक बारीक फुग्यांचे घोस लागतात, द्राक्षाच्या घडासारखे. हे फुगे तीस ते पन्नास कोटींच्या मधे असतात, आणि सगळे उलगडून अंथरले तर साधारण सत्तर चौरस मीटर, म्हणजे सातशे स्क्वेअर फुटांचा अख्खा टू बीएचके. एवढा फ्लॅट देवानं छातीत घडी घालून ठेवलाय. फुग्याला चिकटून रक्ताच्या केसापेक्षा बारीक नळ्या, मधे इतकी पातळ भिंत की ऑक्सिजन पलीकडं जातो आणि कार्बन डायऑक्साइड अलीकडं येतो. हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो, बाहेर सोडलेल्या हवेत 16 टक्के उरतो. तांबडी पेशी या फुग्याजवळून पाऊण सेकंदात निघून जाते, पण ऑक्सिजन भरायला तिला पाव सेकंद पुरतो. म्हणजे निसर्गानं भरपूर शिल्लक ठेवलीय. आणि घोळ तिथंच होतो, कारण शिल्लक आहे तोवर काही कळत नाही, बसल्या जागी तर बिलकुल नाही. चाललं की रक्त जोरात पळतं, वेळ कमी पडतो, तेव्हा उघडं पडतं. त्यात फुप्फुसाच्या आतल्या भागाला दुखण्याची जाणीवच नसते, दात दुखतो तसं ते दुखत नाही. दुखलं असतं तर आईला मी पहिल्याच वर्षी नेलं असतं.

नळ्यांना आतून बारीक केसांसारखी लव असते, ती सारखी वरच्या दिशेनं हलत असते आणि धूळ-कफ वर ढकलत घशापर्यंत आणते. धुरानं ही लव लुळी पडते, मग कफ तिथंच साचतो आणि सकाळी खोकून काढावा लागतो. वर्षानुवर्षं असं चाललं की नळ्या सुजून बारीक होतात, फुग्यांच्या मधल्या भिंती फाटून चार फुग्यांचा एक मोठा ढिला फुगा होतो, फ्लॅट लहान होत जातो. आणि फुप्फुसाचा तो आक्रसायचा ताण जातो. जुन्या चड्डीचं इलॅस्टिक जातं तसं. आता मघाचं आठवा, श्वास फुकट सुटायचा तो या ताणामुळं. तो ताणच गेला, वर नळ्या बारीक, मग हवा बाहेर निघत नाही, आतच कोंडून राहते. लोक म्हणतात मला श्वास घेता येत नाही, खरं दुखणं सोडण्याचं असतं. एसटीतले उतरलेच नाहीत तर स्टँडवरचे चढणार कसे, दारात नुसती रेटारेटी. म्हणून या पेशंटची छाती पिंपासारखी फुगलेली दिसते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, खांदे वर चढलेले.

याला सीओपीडी म्हणतात. दमा वेगळा. दम्यात नळ्या आवळतात पण औषधानं मोकळ्या होतात, माणूस मधले दिवस ठणठणीत असतो, बऱ्याचदा लहानपणापासून असतो, ॲलर्जी असते. सीओपीडीत नळ्या पूर्ण मोकळ्या होत नाहीत आणि आजार हळूहळू पुढंच सरकतो. औषधं थोडी सारखी, पण पुढचा सगळा हिशोब वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं 2021 मधे जगात 35 लाख माणसं सीओपीडीनं गेली, मृत्यूच्या कारणांत चौथा नंबर. आणि आपल्याकडं अजून समज असा की हा बिडी-सिगरेटवाल्यांचा रोग. आईनं आयुष्यात बिडीला हात लावला नाही, म्हणून ज्याला त्याला प्रश्न, हिला कशानं झालं? चुलीच्या धुराचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. स्वयंपाक चालू असताना बंद खोलीतल्या चुलीजवळ अडीच मायक्रॉनच्या खालचे, म्हणजे केसापेक्षा कितीतरी बारीक कण हवेच्या एका घनमीटरला शेकडो मायक्रोग्रॅम असतात, कधी हजाराच्या वर. सरकारी मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला 60 मायक्रोग्रॅमची आहे. दिल्लीची हवा टीव्हीवर दिसते, स्वयंपाकघरातली दिसत नाही.

आता आईच्या कागदांचं. तीन वर्षं आम्ही एकाच दवाखान्यात नेत होतो, नाव घेत नाही. प्रत्येक वेळी तेच, स्टेथोस्कोप लावला, एक इंजेक्शन, वीस मिनिटं वाफ, केसपेपरवर "दमा" आणि घरी. वाफेनं बरं वाटायचं म्हणून आम्हीपण खुश. फुंकून बघायची टेस्ट कोणी सांगितली नाही, आणि मी पण विचारलं नाही, मला तर विचारायला पाहिजे होतं. शेवटी छत्रपती संभाजीनगरला एका छातीच्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी आईला बघितलं आणि पहिला प्रश्न केला, चूल किती वर्षं? बस, तिथंच मला कळलं की आपलं काय चुकलं.

तिथं पीएफटी केली, म्हणजे फुंकायला लावून फुप्फुस कसं चालतं ते मोजायची टेस्ट. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, आणि समोरची मुलगी ओरडतेय, आजी मोठा श्वास घ्या, आता फुंका, जोरात, फुंका फुंका फुंका, थांबू नका, अजून, अजून. आईनं नळी काढली आणि विचारलं, चुलीला फुंकते तशी का गं बाई? ती म्हणाली हो आजी तशीच. आईनं जोर लावला. चाळीस वर्षं जी बाई ओल्या गवरीला जाळ आणत होती तिची फुंकर सहा सेकंद टिकेना, स्क्रीनवरची रेघ उठून लगेच आडवी. पहिल्या सेकंदात पाऊण लिटर पण नाही, तिच्या वयाउंचीच्या बाईला दीड लिटरच्या आसपास यायला पाहिजे होतं. मग पंपाचं औषध दिलं, पंधरा-वीस मिनिटं बसवलं, परत फुंकायला लावलं. फरक नावाला. एकूण फुंकलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती टक्के आली ते बघतात, औषधानंतरही सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नळ्या कायमच्या अडलेल्या. आईचे अठ्ठेचाळीस.

घरी येऊन मी या यंत्राची माहिती काढली. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरनं 1846 मधे हे लोकांपुढं मांडलं, दोन हजारांवर लोकांना फुंकायला लावून. आणि बीपीचा दंडाला बांधायचा पट्टा, जो आज प्रत्येक शिबिरात, प्रत्येक मेडिकलात, लोकांच्या घरात आहे, तो इटलीच्या रिवा-रोची यांनी काढला 1896 साली. म्हणजे फुंकर मोजायचं यंत्र बीपीच्या पट्ट्याहून पन्नास वर्षांनी जुनं. पट्टा गावोगाव पोचला आणि फुंकणी अडकून बसली मोठ्या शहरात, याला काय म्हणायचं?

यानंतरचं लिहायला जड जातं पण लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. जानेवारीत थंडीत आईचं बिघडलं, ॲडमिट केलं, मग ऑक्सिजनचं मशीन घेऊन घरी पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलेलं, एक लिटरवर ठेवा आणि बोटावरचा आकडा 88 ते 92 मधे राहू द्या, त्याच्यावर नेऊ नका. मी हो म्हणालो. पण डोक्यात कोरोना बसलेला, त्या काळात मी स्वतः शेकड्यानं ऑक्सिमीटर विकले आणि प्रत्येकाला बजावलं की 94 च्या खाली गेलं की पळा. रात्री दोनला बघितलं तर 87. पोटात गोळा आला. मी मशीनचं बटण फिरवलं आणि पाच लिटरवर नेलं. दहा मिनिटांत 97. इतकं समाधान वाटलं की काय सांगू, जाऊन झोपलो. सकाळी चहा घेऊन गेलो तर आई उठेना. हाक मारली तर डोळे किलकिले, काहीतरी बरळली, माझ्या मोठ्या मामाचं नाव घेतलं, तो जाऊन बारा वर्षं झाली. हात पुढं केले तर पंजे फडफडत होते. आकडा अजून 97 च.

108 बोलावली. दवाखान्यात मनगटातून रक्त काढून तपासलं, कार्बन डायऑक्साइड चढला होता. आपण ऑक्सिजन आत किती जातो तेवढंच बघतो, पण फुप्फुसाचं दुसरं काम घाण बाहेर टाकायचं, त्याचा आकडा बोटावरच्या चिमट्यात दिसतच नाही. घरात खिडकी उघडी आहे पण धुराडं बुजलंय अशी गत. डॉक्टरांनी नंतर समजावलं, की फुप्फुसाचा जो भाग बाद झालाय तिथल्या रक्तवाहिन्या शरीर स्वतःच आवळून ठेवतं, म्हणजे रक्त चांगल्या भागाकडं वळावं. तुम्ही ऑक्सिजनचा पूर सोडला की त्या वाहिन्या सैल होतात, रक्त बाद भागातून फिरून तसंच परत येतं, कार्बन डायऑक्साइड घेऊन. बाकीही कारणं आहेत पण मला हे समजलं. दोन दिवस तोंडाला घट्ट मास्क लावून मशीननं श्वास दिला तेव्हा आई शुद्धीवर आली. माझ्या हातानं मी माझ्या आईला झोपवत होतो आणि आकडा बघून खुश होत होतो. ज्यांच्या घरी सीओपीडीचा पेशंट आणि ऑक्सिजनचं मशीन आहे त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेला आकडा चिठ्ठीवर लिहून मशीनलाच चिकटवावा, मी चिकटवलाय. आणि उलट अर्थ पण काढू नका, की ऑक्सिजन वाईट. ज्यांना खरंच कमी पडतो त्यांना तो रोज पंधरा तास तरी घ्यावा लागतो, सांगितला तेवढा, सांगितला तसा.

आता माझ्या काउंटरवरचं. पंप म्हटलं की लोकांचे चेहरे पडतात. पोरीचं लग्न ठरायचंय, पंप नको, गोळ्या द्या. एकदा पंप लागला की सुटत नाही. पंप म्हणजे शेवटची स्टेज. आमच्याकडून मृगाला कितीतरी लोक हैदराबादला जातात, नामपल्लीच्या मैदानावर जिवंत मासा औषधासकट गिळायला, कोजागिरीला औषधाची खीर खायला रात्रभर जागतात, त्यांची श्रद्धा, मी हसत नाही, पण परत आल्यावर निदान पंप तरी बंद करू नका एवढंच सांगतो. आणि गोळी सौम्य, पंप कडक, हा तर उलटाच हिशोब. साल्ब्युटामॉलची एक गोळी 4 मिलिग्रॅमची, पंपाचा एक दाब 100 मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस दाबांचं औषध, आणि ते पोटातून, रक्तातून सगळ्या अंगभर फिरून थोडं छातीत जाणार, हात थरथरणार, छाती धडधडणार. पंपाचं थेट जिथं पाहिजे तिथं. मोटारीचं पाणी अख्ख्या रानात सोडायचं की ठिबकनं झाडाच्या बुडाशी द्यायचं, हे शेतकऱ्याला मी वेगळं काय सांगू.

पण ठिबकची नळी झाडाच्या बुडाशी पाहिजे ना. परवा एक बाबा आले, म्हणाले औषध बदलून द्या, महिना झाला काही गुण नाही. मी म्हटलं कसं घेता दाखवा. त्यांनी पुडीतून कॅप्सूल काढली, तोंडात टाकली आणि माझ्याच बाटलीतलं पाणी पिले. पावडर ओढायची कॅप्सूल होती ती, यंत्रात घालून, फिरवून, तोंडानं जोरात ओढायची. यंत्र पिशवीत तसंच प्लास्टिकमधे. महिनाभर गिळत होते बिचारे, आणि कॅप्सूल दिसली की गिळायची हे आपणच शिकवलंय ना त्यांना. दुसऱ्या एक बाई पंप तोंडापासून वीतभर लांब धरून सेंट मारल्यासारखा मारतात. एक गुरुजी डबी संपली का बघायला पाण्यात टाकून तरंगते का बघतात, त्यानं काही कळत नाही, दाब मोजायचे असतात, डबीवर किती ते लिहिलेलं असतं.

यात एक गोम आहे जी शिकलेल्यांनाही माहीत नसते. पावडरवालं यंत्र असेल तर जोरात आणि झटक्यात ओढायचं. दाबायचा पंप असेल तर उलट, आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग हळू आणि लांब ओढत ओढत दाबायचं, आणि आकडे मोजत दहा सेकंद श्वास रोखायचा. एकाची पद्धत दुसऱ्याला वापरली की औषध घशाला चिकटून बसतं. ज्या म्हाताऱ्या माणसांना जोरात ओढवत नाही त्यांना दाबायचा पंप आणि पुढं प्लास्टिकचा फुगीर डबा, स्पेसर म्हणतात त्याला, तो लावून द्यावा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर खळखळून चूळ, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. हे दाखवायला पाच मिनिटं लागतात. ओपीडीत डॉक्टरकडं पाच मिनिटं नसतात, मला मान्य आहे, पण मग दाखवणार कोण? मेडिकलवाला दाखवेल ना, कंपाउंडर दाखवेल, आशाताई दाखवतील, त्यांना आधी कोणीतरी शिकवा.

गॅसचं पण बोलतो, नाहीतर कोणी म्हणेल आता चूल राहिलीय कुठं, 2016 पासून उज्ज्वला आहे. आहे की. आमच्या गल्लीत घरोघरी शेगडी आहे, तिच्यावर चहा होतो, पाहुणे आले तर पोहे होतात. भाकरी चुलीवर, कारण सासऱ्याला गॅसची भाकरी आवडत नाही, आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, कारण सिलिंडर संपला की परत भरायला पैसे लागतात आणि पऱ्हाटी रानात फुकट पडलीय. हिशोब चुकीचा नाही त्यांचा, फक्त त्यात दवाखान्याचं बिल धरलेलं नाही. ज्यांना चूल सोडणं होतच नाही त्यांनी ती निदान ओसरीत, उघड्यावर आणावी, धुराडं मोकळं करावं, आणि लहान लेकरू मांडीवर घेऊन चुलीपुढं बसू नये.

तर संपादक साहेब, मागणी अशी. शिबिरात पीएफटीचं मोठं मशीन आणा असं मी म्हणत नाही, ते नीट चालवायला शिकलेलं माणूस लागतं, फुंकायला लावणं पण एक कला आहे, आणि चुकीच्या फुंकरीचा रिपोर्ट नसलेला बरा. पण ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक ठरलेला दिवस तरी ठेवता येईल, मशीन आणि टेक्निशियन जिल्ह्यावरून येईल, आधी टीबी नाही ना एवढं बघून. आणि शिबिरात बीपीच्या टेबलाशेजारी फक्त एक खुर्ची ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. चूल किती वर्षं? सकाळी खोकला-बेडका किती दिवसांपासून? बरोबरीच्या बायकांबरोबर सपाट रस्त्यावर चालताना मागं पडता का? ज्यांचं उत्तर हो त्यांना बोटाचा चिमटा लावून सहा मिनिटं शाळेच्या ग्राउंडवर चालवा, कोरोनात सगळ्यांना चालवलंच होतं की. आईचा बसून 94 असायचा, न्हाणीपर्यंत जाऊन आली की 86. बसवून मोजलं असतं तर त्या टेबलावर ती पण पास झाली असती. यात ज्यांचा आकडा पडेल त्यांची नावं लिहून घेऊन पीएफटीच्या दिवशी बोलवा. खर्च काय, एक खुर्ची आणि एक वही.

आईचं आता बरं चाललंय असं म्हणवत नाही, पण घसरण थांबल्यासारखी आहे. चूल बंद केली, रोजचा पंप स्पेसर लावून देतो, फ्लूची आणि न्यूमोनियाची लस दिली, सकाळी अंगणात दहा मिनिटं चालते. दम लागला की घाबरून भराभर श्वास घ्यायची, आता ओठांचा चंबू करून हळू सोडते, बशीतला चहा गार करताना घालतो तशी फुंकर, घेतल्याच्या दुप्पट वेळ सोडायला. त्यानं नळ्या मिटायच्या आत कोंडलेली हवा बाहेर पडते. डॉक्टरांनी हे शिकवलं तेव्हा म्हणाली, म्हणजे परत फुंकायचंच का, माझ्या नशिबात फुंकणंच दिसतंय.

आपला,
एक मेडिकलवाला, जिल्हा जालना

ता. क. पत्र पाठवायच्या आधी आईला वाचून दाखवलं. ऑक्सिजनचं लिहिलंय ते कशाला लिहिलं म्हणून रागावली. मग म्हणाली, धाकट्या काकूला पण ने त्या फुंकायच्या मशीनवर, ती अजून पाणी चुलीवरच तापवते आणि परवा फोनवर बोलताना मधेमधे थांबत होती. येत्या मंगळवारी नेतोय.